नातीच्या शाळेच्या फॉर्मात वंश कोणता लिहायचा?

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

मुलगा न्यू जर्सीत असतो. सूनबाई ब्लॅक अमेरिकन. तिचे आजी-आजोबा जॉर्जियातून उत्तरेकडं येऊन राहिलेले. नात सप्टेंबरपासून किंडरगार्टनला जाणार. शाळेनं पाठवलेल्या फॉर्मात दोन प्रश्न आहेत. पहिला, मूल हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या मुळाचं, आहे का. दुसरा, वंश कोणता. त्याखाली चौकटी आणि 'एक किंवा अधिक निवडा' अशी सूचना. मुलानं दोन खुणा केल्या, एशियन आणि ब्लॅक. ते विहीणबाईंना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, उद्या दुकानातला रखवालदार पोरीच्या मागं मागं फिरायला लागला तर तो काही तिच्या बापाचं आडनाव विचारणार नाही, तेव्हा एकच खूण करा. मुलगा म्हणतो, मग मी कुठं गेलो?

इकडं गावभागात वेगळीच तऱ्हा. बारशाचे फोटो बघून आमच्या जाऊबाईंनी मला धीर दिला, "रंग आपल्या अण्णांवर गेलाय हो, त्यात काय!" मामंजी सावळे होते हे खरं. मला धीर कशापायी लागणार होता ते त्याच जाणोत.

माझी सगळी नोकरी बँकेत फॉर्म तपासण्यात गेली. रकाना आला की तो भरायचा नियम असतो. आपल्याकडं दाखल्यावर बापाची जात येते, विषय संपला. हा वंशाचा रकाना कुठल्या नियमानं भरतात? सगळीकडं एकच नियम आहे का? माहीतगारांनी लिहावं. 'लग्नच का करू दिलंत' छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरी भरपूर ऐकून झालेत.

भडंग

आडनाव आपलंच आहे न्हवं? मग झालं की काकू. (पॉपकॉर्नच्या जागी भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.)

पेठनाका_ते_टेक्सास

काकू, दोन्ही खुणा चालतात. पुढं त्यांचं काय होतं ते सांगतो, आमच्या पोरांच्या वेळी मी शाळेत खोदून विचारलं होतं. २००७ साली केंद्राच्या शिक्षण खात्यानं नियम घालून दिला. दोन खुणा असलेलं मूल वर आकडे पाठवताना 'दोन किंवा अधिक वंश' या एकाच गठ्ठ्यात जातं. तुमची नात आणि एखादं चिनी-गोऱ्या जोडप्याचं मूल तिथं एकाच आकड्यात मोजलं जाणार. हिस्पॅनिकला 'हो' म्हटलंत तर बाकी खुणा कितीही करा, मूल हिस्पॅनिकमध्येच धरतात. आणि रकाना कोराच सोडलात तर शाळेतलं कुणीतरी पोराकडं बघून तो भरतं. खरंच, नुसतं बघून.

जनगणनेत याहून मजा आहे. १८९० साली गणकांना सूचना होती की काळं रक्त साधारण निम्मं असेल तर मुलॅटो लिहा, पाव असेल तर क्वाड्रून, आठवा हिस्सा असेल तर ऑक्टरून. दारात उभं राहून, चेहरा बघून अपूर्णांक लिहायचे! पुढच्या खेपेला ते गुंडाळावं लागलं. १९३० ला उलटं टोक गाठलं. काळ्या रक्ताचा अंश कितीही कमी असो, माणूस निग्रो. यालाच 'एक थेंब' नियम म्हणतात. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्यात तो नियम होता, पण तिथल्या काही बड्या घराण्यांना आपण पोकाहोन्टास या मूलनिवासी मुलीचे वंशज असल्याचा अभिमान होता. मग त्यांच्यासाठी मूलनिवासी रक्ताचा सोळावा हिस्सा माफ! थेंब कुणाचा, त्यावर सगळं.

गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांत उठवली ती १९६७ मध्ये, लव्हिंग खटल्यात. माणसानं आपला वंश आपणच लिहायचा ही पद्धत १९६० पासून आली, आणि एकाहून जास्त चौकटींवर खूण करायची मुभा २००० साली. २०१० मध्ये अशा खुणा करणारे २.९ टक्के होते, २०२० मध्ये १०.२ टक्के, म्हणजे ३ कोटी ३८ लाख माणसं. दहा वर्षांत एवढी लग्नं लागली नाहीत. प्रश्नाची मांडणी बदलली, लिहिलेली उत्तरं नोंदवायची रीत बदलली, त्यात बरीचशी वाढ आली. आणि आई गोरी, बाप केनियाचा असलेल्या ओबामांनी २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना एकाच चौकटीत खूण केली होती, काळ्यांच्या. तुमच्या विहीणबाईंना ते बरोबर वाटलं असणार. मलाही त्यांचं म्हणणं हट्टाचं वाटत नाही. थेंबाचा नियम त्यांच्या आईबापांनी भोगलाय.

भडंग

आम्हाला शाळेत अपूर्णांक जमले नाहीत, तरी कुणाचं वाकडं झालं नाही. इथं मात्र घरंदारं हालली.

काळाकोट_सातारा

भारतीयांचं काय झालं तेही येऊ द्या. १९२० ते १९४० च्या तीन अमेरिकन जनगणनांमध्ये वंशाच्या यादीत 'हिंदू' होता. शीख आला तरी हिंदू, मुसलमान आला तरी हिंदू. १९७० मध्ये आपल्याला गोऱ्यांत धरलं. १९८० पासून 'एशियन इंडियन'. म्हणजे १९४० साली तिथं असलेला माणूस १९८० पर्यंत जगला असेल तर जागचा न हलता तीन वंश फिरून आला.

भगतसिंग थिंड यांचा खटला वकिलांनी तर वाचावाच. हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्या मुक्त माणसांना' आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. १९२२ मध्ये ओझावा या जपानी माणसाला न्यायालयानं सांगितलं, कातडी गोरी असून भागत नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन, तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक गट. थिंड म्हणाले, मग शास्त्र मला कॉकेशियन म्हणतं, मी आत. १९२३ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, शास्त्राचं राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. १९४६ च्या कायद्यानं तो रस्ता परत उघडला.

त्या खटल्यातला एक युक्तिवाद मात्र आपण इथं बसून वाचताना घशात अडकतो. थिंड यांच्या बाजूनं असं मांडलं गेलं की उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूलनिवाशांकडं तसाच बघतो, जसा अमेरिकन माणूस निग्रोकडं. गोरेपणाचा पुरावा म्हणून जात हजर केली!

काकू, तुम्ही नियम विचारलात. माझं मत असं, की रकाना काढणाऱ्याला त्यातून काय वाटायचं किंवा काय अडवायचं आहे ते आधी बघावं. नागरिकत्व अडवायचं असेल तर व्याख्या अरुंद होते. गुलाम वाढवायचे असतील तर थेंब पुरतो, कारण मालकापासून झालेलं पोरही मालमत्तेतच राहतं. आज तुमच्या नातीच्या शाळेला भेदभाव होतो का याचे आकडे द्यायचे आहेत, म्हणून दोन खुणा चालतात.

अजिंक्य_७७

हे सगळं गोऱ्यांचं खूळ. आपल्याकडं वंश वगैरे भानगड नव्हती. उगाच तिकडचा कचरा इकडं आणू नये.

पांढरीची_माती

अजिंक्यराव, मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. ब्राह्मण बाप आणि वैश्य आई असेल तर अंबष्ठ. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई असेल तर चांडाळ. अनुलोम (बाप वरच्या वर्णाचा) आणि प्रतिलोम (आई वरच्या वर्णाची) यांची अशी यादीच आहे. पेठनाकावाल्यांनी सांगितलेले अपूर्णांक तिच्यापुढं पोरखेळ वाटतील. त्याला वंश म्हणायचं नसेल तर म्हणू नका, पण मिश्र संततीसाठी खाना आणि त्या खान्याची पायरी ठरवण्याचं काम आपण गोऱ्यांची वाट न बघता केलंय.

त्यावर गोऱ्यांनी मोजपट्टी आणली, तेही खरं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ली नाकाची रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर काढून जातींची उतरंड लावत. मराठे, कुणबी आणि इथले ब्राह्मण यांना त्यांनी 'सिथो-द्रविडियन' अशा एका मिश्र गटात घातलं. म्हणजे वाईच्या घाटावरचा भटजी आणि वडूजचा कुणबी एकाच खान्यात. दोघांनाही हे कळलं असतं तर रिस्लीसाहेबांचं काही खरं नव्हतं.

आणि इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडं डॉक्टरेट करायला गेल्या. या फिशरनी आधी जर्मनांच्या ताब्यातल्या नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, बोअर पुरुष आणि स्थानिक खोईखोई स्त्रिया यांच्या वंशजांचा, रेहोबोथच्या बास्टर लोकांचा, अभ्यास केला होता आणि अशा मिश्र विवाहांना त्यांचा विरोध होता. इरावतीबाईंना विषय मिळाला कवट्यांच्या असमानपणाचा. युरोपियनांची कवटी एका बाजूला जास्त मोठी, म्हणून त्यांची तर्कबुद्धी जास्त, असं काही निघावं ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी मोजमापं केली आणि वंशावंशांत तसा फरक दिसत नाही असं लिहून दिलं. गुरूंच्या प्रयोगशाळेत बसून! पुढं १९३५ मध्ये नाझी जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे आले. दोन आजी-आजोबा ज्यू असतील तर पहिल्या दर्जाचा 'मिशलिंग' (म्हणजे मिश्र), एकच असेल तर दुसऱ्या दर्जाचा. तिथंही अपूर्णांकच, फक्त त्यांच्यावर माणसाचा जीव टांगलेला.

अजिंक्य_७७

मनुस्मृती आली की चर्चा संपते. चालू द्या.

रेवदंडा_सातारकर

संपत नाही हो, कोकणात उतरते. आमच्या लहानपणी अलिबागेकडं बेने इस्रायल कुटुंबं होती. घरात मराठी, बायका नऊवारीत, तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यातही गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असे दोन गट होते. काळे म्हणजे बिगरज्यू स्थानिक बायकांपासून झालेल्या मुलांचे वंशज मानलेले. दोघांत बेटीव्यवहार नव्हता. मग हीच मंडळी १९४८ नंतर इस्रायलला गेली आणि तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं १९६० च्या सुमारास यांच्याच लग्नांवर शंका घेतली. पूर्वजांच्या पिढ्या तपासा, बिगरज्यू रक्त आहे का ते बघा! गोरे असोत की काळे, तिथं सगळे एकाच रांगेत उभे राहिले. निदर्शनं, धरणी झाली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू आहेत असा ठराव केल्यावर प्रकरण निवळलं.

गलाईवाला_विटा

आमी विट्याकडची गलाईवाली माणसं. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात निम्मं गाव देशभर पांगलंय. माझं दुकान कोईमतूरला. तिथं आमी 'सेट', म्हंजे वरनं आलेलं कुणीतरी. पोरं तमिळ शाळेत, आपापसात तमिळच बोलत्यात. आणि जत्रंला गावी आली की इथली पोरं त्यास्नी 'मद्राशी' म्हनून चिडवत्यात. बाप मराठा, आई मराठा, तरी ही गत. मग काकूंच्या नातीचं काय सांगावं. अवांतर झालं असंल तर संपादकांनी उडवावं.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

उडवू नका, अजिबात अवांतर नाही. वकीलसाहेब, आपल्याकडं अशा मुलांसाठी कायदा काय म्हणतो?

काळाकोट_सातारा

राज्यघटनेत एका मिश्र समाजाची व्याख्याच आहे. कलम ३६६ (२), अँग्लो-इंडियन. बाप किंवा बापाकडच्या वंशातला कुणीही पुरुष युरोपीय असला पाहिजे. आई इंग्रज आणि बाप साताऱ्याचा असेल तर ते मूल अँग्लो-इंडियन नव्हे. रक्त तेवढंच, पण मोजायचं बापाच्या बाजूनं. त्यांना लोकसभेत दोन नियुक्त जागा होत्या, त्या १०४ व्या घटनादुरुस्तीनं जानेवारी २०२० मध्ये संपल्या.

जातीबद्दल तुम्ही 'बापाची, विषय संपला' म्हणालात, तो तितका संपलेला नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमेशभाई नायका प्रकरणात सांगितलं की आंतरजातीय लग्नातलं मूल बापाच्या जातीचं असं गृहीत धरता येईल, पण ते शेवटचं नाही. आई अनुसूचित जाती-जमातीची असेल, मूल तिच्या लोकांत वाढलं असेल, त्या समाजाला मिळते तीच वागणूक त्यालाही मिळाली असेल, तर ते पुराव्यानं दाखवता येतं. म्हणजे न्यायालयानं रक्तापेक्षा वाढ आणि वागणूक बघितली. तुमच्या विहीणबाई हेच म्हणतायत.

मिरज_जंक्शन

पंपांच्या कामावर डर्बनला होतो, तिथलं सांगतो. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्यानं प्रत्येक माणसाची वंशाची नोंद होती. गोरा कोण, तर जो उघड गोरा दिसतो आणि ज्याला लोक कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाचा, मानत नाहीत. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत हाच पुरावा. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचायची. मान हलवल्यावर पडली तर गोरा, अडकली तर नाही. सँड्रा लेंग नावाची मुलगी दोन्ही गोऱ्या आईबापांची, दिसायला सावळी, केस कुरळे. शाळेतून काढलं, १९६६ मध्ये कलर्ड ठरवलं, मग कायदा बदलल्यावर पुन्हा गोरी. कायदा १९९१ मध्ये रद्द झाला, पण कलर्ड ही ओळख तिथं अजून आहे, आणि ती लावणारे लोक ती आपली म्हणून लावतात. ज्यांना ती नको, तेही आहेत.

सिंगापुरी_कंदी_पेढा

माहेर साताऱ्याचं, नवरा चिनी वंशाचा सिंगापुरी. इथं जन्मदाखल्यावरच वंश लागतो. २०११ पासून जोडवंश लिहिता येतो, 'चिनी-भारतीय' किंवा 'भारतीय-चिनी'. आम्हाला वाटलं, किती छान. पण सरकारी घरांच्या इमारतीत प्रत्येक वंशाचा कोटा असतो आणि तिथं जोडवंशातला पहिला भाग धरतात. म्हणजे घर घेताना, विकताना आधी काय लिहिलंय त्यावर गणित. आम्ही नवरा-बायको आधी कुणाचं यावर भांडलो ते कोट्यासाठी की मानापमानासाठी, आता आठवत नाही.

शाळेत मातृभाषा विषय असतो. भारतीयांसाठी तमिळ, नाहीतर हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू. मराठी यादीत नाही. लेक मँडरिन शिकतो आणि माझ्या आईशी फोनवर मराठीत भांडतो.

भडंग

मग डीएनए तपासून टाकायचा की. थुंकी पाठवली की टक्केवारीच येते म्हणे.

पांढरीची_माती

येते, पण ती कंपनीकडं नमुने कुणाकुणाचे जमलेत त्यावर. नमुने वाढले की जुन्या माणसाची टक्केवारी घरबसल्या बदलते. जनुकशास्त्रज्ञ लेवोन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखवलं की माणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहातल्या माणसांत असतो. आणि मिश्रणच बघायचं तर आरशात बघा. २०१३ च्या अभ्यासानुसार साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले समूह एकमेकांत भरपूर मिसळले, आणि नंतर जातीतच लग्नं करायची प्रथा घट्ट झाली. शुद्ध म्हणवणारे आपण सगळे जुने मिश्र आहोत, फक्त खाना नंतर मिळाला.

ब्राझीलचं राहिलं. तिथं वंश खापरपणजोबांवरून नाही, दिसण्यावरून ठरतो, एकाच आईची दोन मुलं दोन खान्यांत असू शकतात. २०२२ च्या जनगणनेत मिश्र म्हणजे 'पार्दो' लिहिणारे ४५.३ टक्के निघाले, गोऱ्यांपेक्षा जास्त. विद्यापीठातल्या राखीव जागांसाठी मात्र काही ठिकाणी समिती उमेदवाराला समोर बसवून बघते. तिथं आजीचा फोटो चालत नाही.

कास_पठार

एवढी जनगणना झाली, आता घरचं. माझा नवरा नायजेरियाचा, पुण्यात शिकताना ओळख झाली. मुलगा साताऱ्यातच शाळेत जातो. प्रवेशाच्या वेळी क्लार्कनी विचारलं, वडिलांची जात? म्हटलं, नाही. ते म्हणाले, असं कसं, रकाना मोकळा ठेवता येत नाही. नवऱ्यानं आपल्या जमातीचं नाव सांगितलं, ते त्यांना लिहिता येईना. शेवटी त्यांनी आपल्या मनानं 'ख्रिश्चन' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

काकू, खरा त्रास फॉर्मचा नाही. स्टँडवर एसटीची वाट बघत उभं राहिलं की अनोळखी बायका पोराच्या केसांत हात घालतात. वाईट हेतू नसतो, "किती गोड" म्हणूनच घालतात. दहाव्या हाताला पोरगं रडतं. नात इकडं येणार असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

दिवाळीला येतायत. जाऊबाईंनी आत्ताच हळद-सायीचं लेपण सुचवलंय, सांगलीची हळद आहे म्हणे, उजळेल. त्यांना म्हटलं, तुम्ही जन्मभर लावताय, आधी तुमचा निकाल दाखवा. त्या दिवसापासून बोलणं बंद आहे.

केसांचं मी व्हिडिओ कॉलवर बघितलंय. रविवारी सकाळी सूनबाई तिला पुढ्यात घेऊन बसते. केस ओले करते, दाट क्रीम लावते, बोटांनी एकेक बट सोडवते, मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून मुळाकडं. मग भांग पाडून चौकोन चौकोन, प्रत्येक चौकोनाची वेणी. मला वाटायचं खोबरेल चोपडलं की झालं. रात्री झोपताना साटीनची टोपी घालते, सुती उशीनं केस तुटतात म्हणून. इथं आल्यावर ती टोपी विसरली तर पंचाईत, म्हणून एक जास्तीची करून ठेवावी म्हणते.

फॉर्मचं म्हणाल तर मुलानं दोन्ही खुणा तशाच ठेवल्या. विहीणबाईंना फोनवर सांगितलं, चौकट तुमच्या लेकीची आणि माझीही, पण रखवालदाराबद्दल पोरीला काय शिकवायचं ते तुम्हीच शिकवा, मला ते येत नाही. त्यावर त्या हसल्या म्हणे.

पेठनाका_ते_टेक्सास

मुलगा हुशार आहे. २०३० च्या जनगणनेत हिस्पॅनिकचा वेगळा प्रश्न जाऊन सगळं एकाच प्रश्नात यावं असं २०२४ मध्ये ठरलंय, मध्यपूर्व-उत्तर आफ्रिकेची नवी चौकटही. नात दहावीपर्यंत जाईस्तोवर अजून दोनदा फॉर्म बदलेल.

भडंग

हरभट रोडला साटीन मीटरवर मिळतंय काकू. टोपी आमची बहीण शिवून देईल, पैसे नकोत, भडंग द्या. डोक्याचा घेर केसांसकट घ्यायचा का केसांशिवाय, ते सूनबाईंना विचारून कळवा.

कास_पठार

केसांसकट. आणि वर चार बोटं सैल. इलास्टिक कपाळावर नको, नाहीतर पुढचे केस तुटतात. आतून शिवण वर येऊ देऊ नका म्हणावं, दोन्ही बाजूंनी साटीनच लावायचं.

भडंग

दोन्ही बाजूंनी म्हणजे कापड दुप्पट. कळवतो तिला.